अजून एक नदी

चकमक पुस्तकाचं मधलं कधी वाचायची नाही. सुरुवातीची थोडी पानं, शेवटची थोडी, आणि मधे कुठंतरी बोट घालून एखादं. बास! तेवढ्यावर ती कुठलंही पुस्तक कुणाच्याही गळ्यात मारायची. मारायची म्हणजे कशी, तर समोरचा आलेला असायचा वर्तमानपत्र चाळायला आणि जायचा मंगळावरच्या खुनाची गोष्ट काखेत घेऊन.

चकमक हे काही तिचं खरं नाव नव्हे. पोरीच्या नाकावर राग. दोन शब्द घासले की ठिणगी पडायची, म्हणून गल्लीनं ठेवलेलं नाव. शाळेत गणिताचे मास्तर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "तुझ्या डोक्यात भुसा आहे का गं?" तिनं उभं राहून सांगितलं, "असेल, पण तुमच्यासारखा ओला नाही." दप्तर उचललं, फाटकाबाहेर पडली, ती परत आत गेलीच नाही. आई म्हणाली, "घरी बसून भिंती खाशील," आणि वाचनालयाच्या काकांकडे आणून सोडलं.

काका कुणाचेच सख्खे काका नव्हते. अख्खी गल्ली त्यांना काका म्हणायची एवढंच. त्यांना नव्या पुस्तकांचं वेड. दाराशीच तीन कपाटं होती आणि त्यांत फक्त नुकतीच आलेली पुस्तकं. काकांनी कपाटांना नावं दिली होती. विज्ञानकथांचं कपाट म्हणजे 'उद्या'. जादू, उडते घोडे, बोलणारे डोंगर असलं सगळं 'कधीच नाही'त. आणि खऱ्या शास्त्रज्ञांनी तुमच्याआमच्यासाठी लिहिलेलं ते 'आत्ता'.

"'आत्ता'तलं एखादं द्या हो," असं सभासद म्हणायचे, आणि नवा माणूस बावचळून घड्याळाकडे बघायचा.

काकांचा एक नियम होता. पुस्तक सुचवलंस तर ते तुझ्या मानेवर. सभासदाला नाही पटलं, तर तो म्हणेल ते वाचायचं, तो म्हणेल तिथं, तो म्हणेल तसं. एका पहिलवानानं खुद्द काकांना गांडुळांवरचं जाडजूड पुस्तक उभ्यानं वाचायला लावलं होतं, वाचनालयाच्या मधोमध, मोठ्यानं. काकांनी वाचलं. वर म्हणाले, "बरं आहे की."

चकमकीवर अशी पाळी कधी आली नव्हती. आणि त्याचा तिला माज होता.

पडदेवाली बाई पहिल्यांदा आली ती दुपारची. खांद्यावर दोऱ्याचा तुकडा चिकटलेला, बोटांना सुईची भोकं. समोरच्या रस्त्याला लोखंडी जिन्याचं घर होतं तिचं. दुकानांचे, दवाखान्यांचे, घरांचे पडदे शिवायची. कपाटांसमोर अशी उभी राहिली, जशी माणसं परक्या घरात चप्पल काढावी की नाही म्हणून उभी राहतात.

"मुलीसाठी हवंय," ती म्हणाली. "तुझ्याएवढी आहे. नवंच दे हं. जुनं तिनं सगळं वाचलंय."

"सगळं?"

"सगळं."

चकमकीला हे ऐकूनच डिवचल्यासारखं झालं. तिनं 'उद्या'तून एक पुस्तक काढलं. "हे घ्या. चंद्रावर कपडे धुणारी एक बाई आहे. धुवायला आलेल्या कपड्यांच्या खिशात तिला वस्तू सापडतात. कुणाच्या? जी माणसं अजून चंद्रावर आलीच नाहीत त्यांच्या. झोप उडेल तुमच्या मुलीची."

बाई थोड्या दिवसांनी पुस्तक घेऊन परत आली. "चांगलं आहे म्हणाली. पण मधेच ती धोबीण पृथ्वीवर कशाला येते, म्हणाली. तुला विचारलंय."

धोबीण पृथ्वीवर येते हेच चकमकीला माहीत नव्हतं. "ते... तसं लागतं गोष्टीला," ती म्हणाली, आणि घाईघाईनं 'आत्ता'तलं ऑक्टोपसचं पुस्तक पुढं केलं. "याच्या निम्म्याहून जास्त मज्जापेशी हातांत असतात. म्हणजे हातच विचार करतात थोडाफार. वाचून सांगा म्हणावं."

"हातांचं फार आवडलं," बाई पुढच्या खेपेला म्हणाली. "पण मधे लेखकानं स्वतःच्या घटस्फोटाचं रडगाणं लावलंय, ते कापायला हवं होतं, म्हणाली."

पुन्हा मधलं! चकमकीनं बाई गेल्यावर पुस्तक उघडून पाहिलं. होतं खरंच. पानंच्या पानं.

असं चालू झालं. चकमक द्यायची, बाई आणून परत करायची, आणि प्रत्येक वेळी त्या न बघितलेल्या पोरीचा निकाल सोबत. निकाल कसला, चिमटा. पोर चुकत नव्हती आणि तेच झोंबत होतं. एकदा अंतराळयानाची कादंबरी परत आली. बाई डोळे मिटून आठवत म्हणाली, "ती म्हणते, कृष्णविवराजवळचं घड्याळ हळू चालायला हवं. यानं जोरात पळवलंय. उलटं झालंय सगळं."

काका कपाटामागून डोकावले. "बरोबर आहे की!"

"म्हणजे काय हो काकू, कृष्णविवर?" चकमकीनं मुद्दाम विचारलं.

"मला काय ठाऊक? मी पडदे शिवते. ती म्हणाली ते सांगितलं."

"मग तिलाच पाठवा ना इकडं. समोरासमोर होऊ दे."

"ती नाही येत बाहेर," बाई म्हणाली. आणि गेली.

आजारी असेल, चकमकीला वाटलं. नाहीतर शिष्ट असेल. नाहीतर दोन्ही. त्या रात्री जेवताना ती आईला म्हणाली, "एक पोर आहे, मला पाण्यात बघते."

आई म्हणाली, "मग पोहायला शीक."

शेवटी एकदा वाजलंच. 'कधीच नाही'तलं एक पुस्तक होतं. राणीचे दुधाचे दात प्रत्येक घराच्या पायात पुरलेले, म्हणून घरं राणीचं ऐकतात, अशी गोष्ट. चकमकीनं डोळे मोठे करकरून सांगितली होती. बाईनं पुस्तक टेबलावर ठेवलं.

"नाही पटलं तिला. झोप आली म्हणाली. आणि म्हणाली, सुचवणारीनं हे वाचलेलंच नाही."

काकांनी चष्म्यावरून बघितलं. चकमकीचे कान तापले. "नियम आहे आमच्यात," ती फणकारली. "सांगा, काय वाचू? कुठं वाचू?"

"हेच," बाई म्हणाली. "घरी येऊन. तिच्यासमोर. मधलं."

संध्याकाळी चकमक लोखंडी जिना चढून वर गेली. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, कापडाचे गठ्ठे, आणि दोरीला टांगलेले तयार पडदे. ते असे टांगले होते की माणसं भिंतीकडे तोंड करून उभी आहेत असं वाटावं. आतली खोली मुलीची. पलंग, टेबल, भिंतीवर फळी आणि फळीवर पुस्तकं. पलंगाखाली बूट नीट जोडीनं ठेवलेले. पलंगावर कुणी नव्हतं.

"कुठाय ती?"

"बस तू. सुरू कर," बाई म्हणाली. ती दाराशी चटईवर बसली, मांडीवर पडद्याची झालर घेतली, आणि टाचण्या ओठांत धरल्या. एक, दोन, बऱ्याच. शिंप्यांची सवय असते तशी.

न्हाणीघरात असेल, येईल, असं समजून चकमक खुर्चीत बसली आणि वाचू लागली. बसणं हा तिचा प्रांतच नव्हे. पायाला भिंगरी. थोडं वाचलं, पाय हलायला लागला. आणखी थोडं वाचलं, मान दुखायला लागली. गोष्ट खरंच रटाळ होती. तिनं हळूच दोन पानं एकदम उलटली.

"च्चक्."

पलंगाच्या बाजूनं. जीभ टाळूला लावून काढतात तसा. कंटाळलेला, चिडका, माणसाचा आवाज.

चकमकीनं मान वर केली. पलंग तसाच रिकामा. तिनं बाईकडे बघितलं. बाईचे ओठ मिटलेले आणि त्यांतून टाचण्यांची टोकं बाहेर आलेली. त्या ओठांनी च्चक् करणं शक्य नव्हतं. टाचण्या घशात गेल्या असत्या.

"पाल आहे का हो इथं?" तिनं विचारलं. आवाज तिला स्वतःचा वाटला नाही.

बाईनं नकारार्थी मान हलवली आणि हाताचं एक बोट मागं फिरवलं. मागं जा. पानं सोडलीस.

चकमक मागं गेली. सोडलेली दोन पानं तिनं वाचली, एकेक शब्द, काना-मात्रेसकट. पलंगावरची चादर ताठ होती, पण उशीत एक खळगा होता. तो आधीपासून होता की नव्हता, तिला सांगता येईना. अंगावर काटा म्हणतात तो खरंच काट्यासारखा टोचतो हे तिला त्या दिवशी कळलं. प्रकरण संपल्यावर तिनं पुस्तक मिटलं.

"काकू, कुठाय तुमची मुलगी?"

बाईनं टाचण्या एकेक करून ओठांतून काढल्या. "थंडीत गेली," ती म्हणाली. "ताप आला आणि गेली."

चकमकीनं खुर्ची मागं सरकवली.

"घाबरू नकोस. ऐकते फक्त. मी एकदा इथं बसून तिचं अर्धं राहिलेलं पुस्तक वाचत होते. वाचायला चुकले आणि तो आवाज आला. मलाही आधी पालच वाटली. मग रोज वाचायला लागले. आधी नुसतं च्चक् च्चक्. मग हळूहळू बोलणं कळायला लागलं. कानाला नाही कळत. शिवताना हातात येतं." तिनं आपली टोचलेली बोटं पुढं केली. "तू सांगितलंस ना, हात विचार करतात. तिला फार आवडलं ते."

चकमकीला तिथून पळ काढायचा होता. पण डोळे तिचे, ते काही तिचं ऐकायचे नाहीत. ते फळीवर गेले. निळ्या पाठीची चार पुस्तकं, एकाच मालिकेची, ओळीनं. चौथ्याच्या पुढं एका पुस्तकाची जागा मोकळी. शेजारची पुस्तकं त्या जागेत कलू नयेत म्हणून तिथं एक वीट उभी केली होती, आणि विटेला स्वच्छ पांढरं कापड शिवलेलं होतं.

ती खाली आली, तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर एक माणूस बसला होता. धिप्पाड, हातावर तेलाचे डाग. बाजूला मालट्रक उभा.

"तूच का ती पुस्तकवाली?" तो म्हणाला. "मी तिचा बाप."

ट्रकवाल्यानं सगळं भडाभडा सांगितलं. त्यानं दुसऱ्या गावी घर घेतलं होतं. हे घर पुढच्या रविवारी मालकाच्या हवाली करायचं. किल्ली द्यायचा शब्द गेलेला. आणि बायको हलायला तयार नाही. "म्हणते, पोर फक्त याच खोलीत ऐकते. दुसरीकडं नेली तर हरवेल. जेवत नाही, झोपत नाही, कामं परत पाठवते. वाचते आणि बसते. असंच चाललं तर हीही जाईल गं." त्यानं जिन्याच्या कठड्यावर मूठ आपटली. "आणि मला काही ऐकू येत नाही! त्या पलंगावर जाऊन झोपलो मी. बाप आहे ना मी? मला का नाही?"

अशा वेळी चकमकीला राग यायचा. आज आला नाही.

"एक काम कर," तो म्हणाला. "असं एखादं पुस्तक दे, की पोर निघून जाईल."

"पुस्तक म्हणजे काय उंदराचं औषध वाटलं तुम्हाला?" ती खेकसली. आणि मग घरी जाता जाता तिला ती निळी ओळ आठवली.

वाचनालयात पाचवा भाग होता. नुकताच आलेला, कोरा करकरीत, 'कधीच नाही'च्या मधल्या खणात, समोरच. एक होडीवाली पोर आहे. तिच्या गावाच्या सगळ्या सावल्या चोरीला गेलेल्या. ती त्या शोधून होडीत भरते आणि नदीमागून नदी ओलांडत घरी निघते. चार भाग नद्यांचे. पाचवा शेवटचा. चकमकीनं त्याचा शेवट आल्या दिवशीच वाचला होता आणि काकांना म्हणाली होती, "फुसका आहे. लेखक दमला बहुतेक."

आणि आता तिच्या लक्षात आलं, की पडदेवाली प्रत्येक खेपेला त्या कपाटासमोर उभी राहायची, पण नजर त्या खणावरून उडी मारून खालच्या खणावर जायची. विहिरीवरून उडी मारावी तशी.

बाई आली तेव्हा चकमकीनं पाचवा भाग तिच्यासमोर ठेवला.

"हे नको. दुसरं दे."

"तिला हेच हवंय. म्हणून तर बाकीच्यांत खोट काढते ती. चार भाग वाचून बसलीय आणि पाचवा तुम्ही नेत नाही!"

"ते संपलं की ती कशाला थांबेल?" बाई हळूच म्हणाली.

"म्हणजे ओलीस ठेवलीय तुम्ही तिला!"

काका "ए कार्टे!" म्हणून ओरडेपर्यंत शब्द गेलाच होता. जिभेला हाड नाही म्हणतात ते काही उगीच नाही. पडदेवालीचा चेहरा धुतलेल्या कापडासारखा पांढरा झाला. ती पाठ फिरवून दारापर्यंत गेली. तिथं थांबली. आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली, जणू तो हात तिला काही सांगत होता आणि तिला ते ऐकायचं नव्हतं. मग परत आली, पुस्तक उचललं, आणि गेली.

शनिवारी सकाळी ती आली ती डोळे लाल. पुस्तक टेबलावर ठेवलं.

"झालं वाचून?" काकांनी विचारलं. ते त्या दिवसांत तिच्याशी फार जपून बोलायचे.

"झालं. छान आहे शेवट. ती पोर शेवटच्या नदीवर पोचते, तर पलीकडं अजून एक नदी लागते. ती ओलांडली की आणखी एक. जात राहते बिचारी होडी घेऊन."

चकमक पुस्तकांवरची धूळ झटकत होती. तिचा हात थांबला. "खोटं," ती म्हणाली.

"तुला काय ठाऊक? तू तर काही वाचत नाहीस."

"मधलं वाचत नाही. शेवट तर वाचतेच." तिनं पुस्तक उघडलं. सुरुवातीची, मधली पानं हाताळून मऊ झालेली. शेवटचं प्रकरण कोरं, एकमेकांना चिकटलेलं. "काकू, रोज रात्री तुम्ही स्वतःच रचून सांगताय तिला? अजून एक नदी, अजून एक नदी?"

बाई मटकन स्टुलावर बसली. जिला कृष्णविवर ठाऊक नव्हतं, तिनं आठवडाभर नद्या जन्माला घातल्या होत्या. "सुचतात गं," ती म्हणाली. "बसलं की सुचतात. पण ती रागावलीय. रोज च्चक् च्चक् करते. माझं सगळं ऐकायची ती. आता म्हणते, आई, खोटं बोलतेस तू."

मग चकमक म्हणाली, "मी सुचवलेलं होतं. पटलं का तिला?"

"नाही."

"मग नियम आहे." तिनं पुस्तक काखेत मारलं. "चला."

काकांनी नुसती मान हलवली.

जिन्याखाली ट्रक लागलेला होता. ट्रकवाला डबे, पाट, पिंपं चढवत होता. दोघी वर गेल्या तसा तो बाजूला झाला. खोलीतलं ऊन पलंगावर आलेलं. उशीतला खळगा होता. बाई चटईवर बसली, सवयीनं टाचण्या ओठांत धरल्या, पण मांडीवर काम घेतलंच नाही.

चकमक वाचू लागली. तिला स्वतःचीच लाज वाटत होती, कारण हे प्रकरण तिनं उभ्या उभ्या, पेरू खात वाचलं होतं. आता तेच शब्द जड झाले होते. होडी गावाला लागते. काठावर सगळं गाव. पोर एकेक सावली काढून ज्याची त्याला देते. म्हाताऱ्याची म्हाताऱ्याला. कुत्र्याची कुत्र्याला. कुणी आभार मानत नाही, कारण सावली मिळाली की माणसाला आठवतच नाही ती कधी नव्हती म्हणून. होडी रिकामी होते. मग ती पोर उतरते. आणि होडी बांधत नाही. पाणी होडी घेऊन जातं. पोर बघतसुद्धा नाही, घराकडं चालू लागते. संपलं.

मधे एकदाही च्चक् झालं नाही.

आता होईल, आता होईल म्हणून दोघी बसून राहिल्या. ऊन पलंगावरून खाली उतरलं. बाईनं ओठांतल्या टाचण्या काढल्या.

"काय म्हणाली?" तिनं चकमकीला विचारलं. "माझ्या हातात काही येत नाही. तुला आलं का ऐकू?"

एवढं सोपं होतं. आवडलं म्हणाली, असं म्हणायचं. येते म्हणाली. वाचनालयात दिवसभर चकमक याहून मोठ्या थापा मारायची, न वाचलेल्या पुस्तकांच्या शपथा खायची. आणि इथं खाली माणूस ट्रक घेऊन उभा, एका वाक्यात ही बाई जिना उतरली असती. पण त्या खोलीत तिची जीभ उचलेना.

"काहीच नाही म्हणाली," ती म्हणाली.

बाई उठली. "तू घालवलीस तिला," ती म्हणाली, आणि मग ओरडली, "तू घालवलीस! चांगली माझ्याजवळ होती! कोण तू? शाळेतून पळालेली कार्टी, स्वतःला बसता येत नाही एका जागी, आणि माझ्या पोरीला..." पुढचं रडण्यात गेलं. असं रडणं चकमकीनं पाहिलं नव्हतं. उभ्यानं, तोंड उघडं टाकून, लहान पोर रडतं तसं. ट्रकवाला धावत वर आला आणि दारातच थांबला.

दुसऱ्या कुणी असं बोललं असतं तर चकमकीनं आकाशपाताळ एक केलं असतं. ती खुर्चीत बसून राहिली. गेलीही नाही.

रडून रडून बाई दमली. नाक पुसलं. मग पुढच्या खोलीत गेली आणि तिथनंच, रोजच्या आवाजात म्हणाली, "ये गं. ते टोक धर."

नाटकगृहाचा पडदा होता तो. गडद लाल, मखमली, भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेला. थंडीच्या आधीचं काम, शिवून तयार, पण बाईनं दिलाच नव्हता. असल्या पडद्याची एकट्यानं घडी होत नाही. चकमकीनं एका बाजूची दोन टोकं धरली, बाईनं दुसऱ्या बाजूची. ट्रकवाला मदतीला पुढं येणार होता, पण तो अजून दारातच होता.

दोघींनी पडदा उचलला. एवढ्या लांबीचं, एवढ्या वजनाचं कापड, मधे जमिनीला टेकायलाच हवं होतं.

टेकलं नाही.

मधोमध पडदा वर उचललेला राहिला. सरळ, जसं कुणीतरी आत शिरून दोन्ही हातांनी धरलंय. चकमकीच्या मनगटांना ओझं जाणवेना. मखमलीवर दोन ठिकाणी बारीक चुण्या पडल्या होत्या, बोटं रुतल्यासारख्या. तिनं बाईकडे बघितलं. बाई त्या मधल्या जागेकडेच बघत होती. किती वेळ, कुणी मोजलं नाही.

"अशीच धरायची ती," ट्रकवाला दारातून कुजबुजला. "मधे शिरून. लहानपणापासून." आणि त्यानं भिंतीला हात टेकला. त्याला आवाज कधी आला नव्हता, पण हे त्याला दिसत होतं.

बाईनं पाऊल पुढं टाकलं नाही. मागंही नाही. टोकं घट्ट धरूनच ती म्हणाली, "ठेव बाळा आता. दमलीस."

पडदा हलला नाही.

"ठेव," ती पुन्हा म्हणाली. आवाज फाटला, पण तिनं वाक्य पुरं केलं. "होईल आमचं आम्हाला. बाबा आहेत. ही आहे. ठेव तू."

आधी एका बाजूची चुणी सुटली. मग दुसरी. पडदा मधून हळूहळू खाली आला, जमिनीला टेकला, आणि सगळं वजन एकदम चकमकीच्या हातांत आलं. ती पुढं ओढली गेली, कशीबशी सावरली. समोर बाईही तोल सावरत होती.

"जड आहे हो काकू," चकमक म्हणाली.

"आहेच जड," बाई म्हणाली. "ये. माझ्याकडं चालत ये."